गोल्फ कोर्सचं गवत सांभाळताना: नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

गोल्फ कोर्सवर रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एक वाक्य कानावर पडतं: "ग्रीन पिवळं दिसतंय, पाणी मारा." (ग्रीन म्हणजे चेंडू ज्या होलमध्ये घालायचा त्याच्याभोवतीचा अगदी आखूड कापलेला भाग.) सभासद म्हणतात, कमिटीतले म्हणतात, कधी आपला मुकादमही म्हणतो. माझ्या पाहण्यात तहानेने मेलेली ग्रीन कमी आणि पाणी पाजून मारलेली जास्त आहेत. त्यामुळे नव्या माणसाला मी एकच सांगतो, रंग नंतर बघ, आधी मूळ बघ. पुढे कापणी, पाणी, वाळू, खत असं जे काही येईल ते सगळं मूळ खोल जावं याच हिशोबाने लिहिलं आहे.

कृषी पदविका किंवा उद्यानविद्या शिकून आलेल्यांची सुरुवातीला एक अडचण होते. शेतात वाढ हवी असते, इथे वाढ आवरायची असते. भरभर वाढलेलं गवत म्हणजे जास्त कापणी, जास्त डिझेल आणि जास्त रोग.

हा लेख महाराष्ट्राचं पठार आणि कोकणपट्टी डोळ्यासमोर ठेवून लिहिला आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जे बेंट आणि फेस्क्यू गवत चालतं ते आपल्या मे महिन्यात तग धरत नाही. परदेशी व्हिडिओ बघून वेळापत्रक ठरवणार असाल तर आधी तिथलं गवत कोणतं आहे ते तपासा.

आधी गवत ओळखा

आपल्याकडच्या बहुतेक फेअरवेवर, म्हणजे खेळ सुरू होतो तिथपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्ट्यावर, हरळीच असते. शेतकरी जी खणून खणून बांधावर फेकतो तीच. कुठे ती देशी असते, कुठे 'सिलेक्शन वन' नावाने लावलेली. ग्रीनवर मात्र सहसा संकरित बर्म्युडा असतं, हरळीच्याच जातकुळीतलं. त्यातलं सर्वात परिचित टिफड्वार्फ. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाच्या गावी कृषी संशोधन केंद्र आहे, तिथून ते १९६५ साली बाहेर पडलं. हे संकर वांझ असतात, त्यांचं बी मिळत नाही. काड्या लावूनच ते वाढवावं लागतं. म्हणून नर्सरीचा एक तुकडा प्रत्येक कोर्सवर राखलेला असायलाच हवा. तो नसेल तर पहिल्या बैठकीत मागा. ग्रीनवर उद्या ठिगळ लावायची वेळ आली तर बाहेरून आणलेलं गवत जुळेलच असं नाही.

समुद्राजवळ किंवा खारट पाण्यावर चालणाऱ्या कोर्सवर पास्पालम लावतात. ते मीठ सोसतं, पण खत आणि पाण्याच्या बाबतीत त्याचं गणित वेगळं आहे. खालचे खताचे आकडे त्याला जसेच्या तसे लावू नका.

एक गोष्ट सगळ्या हरळीवर्गाला लागू आहे: सावली चालत नाही. दिवसाला सहा-आठ तास थेट ऊन हवं. पर्जन्यवृक्षाखालची टी (पहिला फटका मारायची जागा) सारखी उजाड होत असेल तर खताचं पोतं आणण्याआधी वर बघा आणि फांद्या विरळ करायची परवानगी घ्या.

चाकू घ्या आणि खाली बघा

मशीनला हात लावण्याआधी होल कटर किंवा लांब पात्याचा चाकू घेऊन प्रत्येक ग्रीनच्या दोन-तीन जागी मातीचा गाभा काढून बघा. १५ सेंटिमीटर खोल काढा, हातात धरा, बाजूने नीट बघा.

वरच्या टोकाला गवताखाली तपकिरी, स्पंजासारखा थर दिसेल. तो थॅच, म्हणजे न कुजलेल्या काड्यांचा थर. १० ते १२ मिलिमीटरच्या वर गेला की पाणी तिथेच अडतं, मूळ तिथेच घुटमळतं. त्याखाली वाळू. मुळं पांढरी आणि लांब असतील, गाभा हलवला तरी वाळू धरून ठेवत असतील तर ग्रीन ठीक आहे, वरून थोडं फिकट दिसत असलं तरी. मुळं तपकिरी, बोटभरसुद्धा नाहीत आणि गाभा मधेच तुटतो, तर वरचा हिरवा रंग चार दिवसांचा पाहुणा समजा. कधी चार-पाच सेंटिमीटरवर काळा पट्टा दिसतो. नाकाजवळ न्या. सडक्या अंड्याचा वास आला तर तिथे हवा पोचत नाही आणि पाणी साचतंय हे नक्की.

चांगलं बांधलेलं ग्रीन आतून कसं असतं तेही माहीत असू द्या. अमेरिकन गोल्फ संघटनेने १९६० साली जी पद्धत प्रसिद्ध केली ती जगभर चालते: वर सुमारे ३० सेंटिमीटर ठरावीक जाडीची वाळू, खाली १० सेंटिमीटर खडी, त्याखाली चरांमध्ये छिद्रांचे पाइप. आपल्याकडच्या जुन्या कोर्सवर मात्र कित्येक ग्रीन भराव घातलेल्या मातीवर उभी आहेत. तुमची कोणती, हे गाभाच सांगतो. नकाशावर प्रत्येक ग्रीनची मुळाची लांबी तारखेसह लिहून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा मोजा. बाकी कोणतीही नोंद राहिली तरी चालेल, ही चुकवू नका.

कापणी

उंचीचे आकडे साधारण असे: ग्रीन ३ ते ५ मिलिमीटर, टी १० ते १२, फेअरवे १२ ते १८, रफ (फेअरवेच्या कडेचं उंच गवत) ३५च्या पुढे. टिफड्वार्फ ४च्या खाली फार काळ ठेवू नका. ३ मिलिमीटर सोसणाऱ्या जाती वेगळ्या आहेत.

एका वेळी पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापायचा नाही. पान कमी झालं की झाड मुळाची वाढ थांबवतं आणि आधी पान भरून काढतं. पावसात आठवडाभर फेअरवे कापता आला नाही आणि उघडीप मिळताच एकदम खाली उतरवला, की पांढुरकी खोडं उघडी पडतात. अशा वेळी मशीन वर चढवा, दोन-तीन कापण्यांत हळूहळू खाली या.

ग्रीनवर रील मोअरच हवा. फिरतं रील आणि खालचं स्थिर पातं यांच्यामध्ये कात्रीसारखं गवत कापलं जातं. रोज सकाळी मशीन बाहेर काढण्याआधी वर्तमानपत्राची पट्टी रीलमध्ये धरून हाताने फिरवा. पूर्ण लांबीवर पट्टी स्वच्छ कापली गेली पाहिजे. कुठे दुमडली किंवा फाटली तर त्या जागी गवतही फाटणार. फाटलेल्या पात्याचं टोक दुपारपर्यंत पांढरं पडतं, आणि मग कोणीतरी म्हणतं, पाणी मारा.

हायड्रॉलिक मशीन असेल तर होजचे जोड हाताने चाचपून बघा. गरम तेलाची धार ग्रीनवर पडली तर तिथे एक सरळ तपकिरी रेघ उमटते आणि ती भरायला आठवडे जातात. मशीन चालू करणं, डिझेल भरणं, रील लावणं ही कामं ग्रीनबाहेरच.

दिशा रोज बदला. काल उत्तर-दक्षिण कापलं तर आज पूर्व-पश्चिम. ग्रीनचं कापलेलं गवत टोपलीत गोळा करून बाहेर न्या. फेअरवेचं तिथेच पडू दे, नत्र परत मिळतं. आणि त्या टोपलीकडे लक्ष ठेवा. एकाच ग्रीनवरून रोज एक टोपली निघायची तिथे अचानक दोन निघायला लागल्या तर खत जास्त झालंय.

पाणी

इथे हिशोब तोंडपाठ हवा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनवर ४ मिलिमीटर दिलं तर २,००० लिटर झालं, अठरा ग्रीनचे ३६,०००. तेच १० हेक्टर फेअरवेवर ४ मिलिमीटर म्हणजे ४ लाख लिटर, दहा हजारी टँकर चाळीस. म्हणून फेअरवे मे महिन्यात थोडा भाजला तर भाजू दे. हरळी मरत नाही. पहिल्या वळवाने पुन्हा उठते, शेतकऱ्याला विचारा.

स्प्रिंकलर किती पाणी टाकतो हे कागदावर न बघता मोजा. एकसारखे दहा-पंधरा डबे ग्रीनवर ठरावीक अंतराने ठेवा, दहा मिनिटं पाणी चालवा, पट्टीने उंची मोजा. एका डब्यात ६ मिलिमीटर आणि दुसऱ्यात २ निघाले तर वेळ वाढवून उपयोग नाही. नोझल घासलं असेल, स्प्रिंकलर तिरका झाला असेल किंवा पंपाचा दाब पडला असेल. त्याची दुरुस्ती हीच पाण्याची सर्वात मोठी बचत.

वेळ पहाटेची, साधारण चार ते सहा. संध्याकाळी पाणी दिलं तर पान रात्रभर ओलं राहतं आणि बुरशीला आवतण मिळतं. रोज थोडं थोडं शिंपडण्याची सवय मोडा. वाळूच्या ग्रीनवर उन्हाळ्यात एक दिवसाआड भरपूर द्या, मधला दिवस कोरडा जाऊ दे. वरची वाळू सुकली की मूळ खाली उतरतं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी कडा कोमेजतात, पाऊल टाकलं की ठसा तसाच राहतो, रंग निळसर करडा होतो. तिथे माणसाने पाइप हातात धरून फक्त तेवढ्याच जागेवर पाणी द्यायचं, सगळी यंत्रणा चालू करायची नाही. हे काम कंटाळवाणं आहे आणि नव्या माणसाला नेमकं तेच दिलं जातं. आनंदाने करा. कोर्सवरच्या उथळ जागा, बुजलेले पाइप, उंचवटे यांची माहिती पाइप धरणाऱ्यालाच सगळ्यात आधी होते.

कधी पाणी वरून वाहून जातं आणि खाली वाळू ठणठणीत कोरडी राहते. वाळूच्या कणांवर मेणचट लेप बसल्यामुळे हे होतं. तिथे हाताच्या काट्याने भोकं पाडून, पाणी धरायला मदत करणारं वेटिंग एजंट घालून, हळूहळू भिजवावं लागतं.

बोअरचं किंवा प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचं पाणी वापरत असाल तर वर्षातून निदान दोनदा तपासा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर. सोडियम जास्त असेल तर काळ्या मातीचा फेअरवे चोपण होतो: पाणी मुरत नाही, वर पापुद्रा धरतो. त्याला जिप्सम आणि चांगला निचरा लागतो. नुसत्या जिप्समने काही होत नाही, सुटलेलं मीठ खाली वाहून जायला वाट पाहिजे.

भोकं आणि वाळू

सभासदांना सर्वात न आवडणारं आणि गवताला सर्वात हवं असलेलं काम. माणसं चालून आणि मशीन फिरून वरचा थर दबतो. पोकळ दातांच्या यंत्राने १२ मिलिमीटर जाडीचे गाभे ७ ते १० सेंटिमीटर खोलीपर्यंत काढायचे, ते गोळा करून बाहेर न्यायचे आणि भोकं वाळूने भरायची.

आपल्याकडे मोठं काम मार्चचा उत्तरार्ध ते एप्रिल. तेव्हा उष्णता असते, गवत जोरात असतं, दोन-तीन आठवड्यांत भोकं बुजतात. दुसरी, हलकी फेरी पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात. डिसेंबर-जानेवारीत चुकूनही नको. रात्रीचं तापमान १०-१२ अंशांवर आलं की हरळी जवळजवळ झोपते आणि भोकं फेब्रुवारीपर्यंत तशीच उघडी राहतात.

मधल्या काळात दर दोन-तीन आठवड्यांनी वाळूची पातळ फेर द्या, अर्धा ते एक मिलिमीटर. ५०० चौरस मीटरच्या अठरा ग्रीनवर एक मिलिमीटर म्हणजे ९ घनमीटर, सुमारे सव्वातीन ब्रास. ट्रक मागवताना हा आकडा हाताशी ठेवा.

वाळू कुठून येते याबद्दल हट्टी राहा. क्रशरची वाळू स्वस्त पडते, पण तिच्यातली बारीक भुकटी भोकांमध्ये बसून निचरा बंद करते. न धुतलेली तर घेऊच नका. काचेच्या बाटलीत मूठभर वाळू आणि पाणी घालून हलवा, पाच मिनिटं ठेवा. वरचं पाणी गढूळच राहिलं तर ट्रक परत पाठवा. आणि एकदा जी वाळू चालू केली ती बदलू नका. दोन जाडीच्या वाळूंचे थर एकावर एक बसले की मधल्या रेषेवर पाणी थांबतं. मग गाभ्यात तो काळा पट्टा दिसायला लागतो.

खत, थोडक्यात

वाढीच्या काळात ग्रीनला दर दोन आठवड्यांनी चौरस मीटरमागे सुमारे अडीच ग्रॅम नत्र पुरतं. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे चौरस मीटरला साधारण ५ ग्रॅम युरिया, ५०० मीटरच्या ग्रीनला अडीच किलो. त्याचेही दोन भाग करून आठवड्याला एक द्या. पानं कोरडी असताना दाणे टाकून लगेच पाणी द्या, किंवा विरघळवून फवारा. दुपारच्या उन्हात नाही. मातीचा सामू (पीएच) ८च्या आसपास असेल तर युरियाऐवजी अमोनियम सल्फेट बरं. स्फुरद माती परीक्षणात कमी आलं तरच. पालाश पावसाळ्याच्या आधी आणि थंडीच्या आधी.

स्पर्धेच्या तोंडावर रंग हवा असेल तर नत्र वाढवू नका. फेरस सल्फेटचा हलका फवारा दोन दिवसांत रंग आणतो, वाढ न वाढवता. काँक्रीटच्या रस्त्यावर मात्र शिंतोडे उडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत.

पावसाळा

सांताक्रूझला एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पठारावर पाऊस कमी, पण ढग तेवढेच. ऊन नाही, माती भिजलेली, मूळ आखूड. अशा वेळी ग्रीनची उंची अर्ध्या ते एका मिलिमीटरने वाढवा आणि नत्र आवरा. काळ्या मातीच्या फेअरवेवर वापसा आल्याशिवाय मशीन घालायचं नाही, कोणीही कितीही फोन केले तरी. एकदा चाकोरी पडली की ती दिवाळीपर्यंत दिसते. निचऱ्याच्या चरांची तोंडं मे महिन्यातच मोकळी करून घ्या.

सकाळी दवावर कोळिष्टकासारखे धागे दिसले की बुरशी जागी झाली. रुपयाच्या नाण्याएवढे फिकट ठिपके असतील तर बहुधा डॉलर स्पॉट नावाचा बुरशीचा रोग, आणि तो बऱ्याचदा नत्र कमी पडल्याने जोर करतो, थोडं नत्र देऊन बघा. उलट, तेलकट काळपट पट्टे पाणी वाहतं त्या दिशेने पसरत असतील तर पिथियम या दुसऱ्या रोगाचा संशय धरा. तिथे नत्र दिलं तर आगीत तेल. त्या ग्रीनचं मशीन धुतल्याशिवाय दुसऱ्या ग्रीनवर नेऊ नका. दोन्ही ठिकाणी पहिला उपाय म्हणजे पहाटे लांब बांबूने किंवा दोरी ओढून दव झटकणं. औषध जाणकाराला नमुना दाखवून, लेबलवरच्या मात्रेने.

हुमणीवर वेगळं लक्ष हवं. वळवाच्या पहिल्या चांगल्या सरीनंतर संध्याकाळी कडुलिंबावर आणि बाभळीवर भुंगेरे जमतात. त्याच आठवड्यात फांद्या हलवून, प्रकाश सापळे लावून ते गोळा केले तर पुढचं अर्धं काम वाचतं. नंतर ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये अळ्या मुळं खातात. गवत सुकलेलं दिसतं, पाणी दिलं तरी उठत नाही, आणि हाताने ओढलं की सतरंजीसारखं गुंडाळलं जातं. संशयाच्या जागी एक फूट लांब-रुंद चौकोन तीन बाजूंनी कापून उलटा आणि इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या मोजा. पाच-सहाच्या वर असतील तर उपाय करा. मेटारायझियम बुरशी ओल असताना जमिनीत दिली तर काम करते, पण तिला वेळ लागतो. रानडुकरं रात्रीत फेअरवे उकरून गेली असतील तर तीही तुम्हाला तेच सांगत आहेत. लष्करी अळीसाठी चाचणी सोपी: बादलीभर पाण्यात दोन चमचे भांडी घासायचं द्रव घालून एक चौरस मीटरवर ओता, अळ्या काही मिनिटांत वर येतात.

तणांत लव्हाळा सर्वात चिवट. उपटला की खालच्या गाठींची साखळी तुटते आणि सुटलेल्या गाठी फुटतात. सुरुवातीच्या दोन-चार रोपट्यांना गाठीसकट चाकूने काढा. पसरल्यावर हॅलोसल्फ्युरॉनसारखं निवडक तणनाशक लागतं, तेही आधी नर्सरीवर करून बघून. ग्रीनवर देशी हरळीचा भरड ठिपका दिसला तर तो तळहाताएवढा असतानाच कापून काढा आणि नर्सरीचा तुकडा बसवा. ताटाएवढा झाल्यावर खूप उशीर झालेला असतो.

रोजची बारीक कामं

होलची जागा रोज, निदान वर्दळीच्या दिवशी, बदला. होल १०८ मिलिमीटर व्यासाचा. जुन्या होलमध्ये गाभा बसवताना तो किंचित खाली राहिला तर पिवळा पडत नाही पण चेंडू उडतो, किंचित वर राहिला तर मशीन त्याचं डोकं सोलतं. तळहाताने सपाट करा, कडेने पाणी द्या. चेंडू पडून झालेला खड्डा काट्याने भरताना कडा मधल्या दिशेला ढकलायच्या. खालून उचकटलं की मुळं तुटतात. कॅडींना (खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्यांना) हे दाखवून द्या, तुमची अर्धी दुरुस्ती तेच करतात. फेअरवेवर निघालेला हरळीचा तुकडा परत बसवत बसू नका, वाळूने भरा. बाजूच्या काड्या आपोआप पसरतात.

स्पर्धेचा आठवडा

कॅप्टन येऊन म्हणतील, ग्रीन वेगवान हवी. वेग मोजायला स्टिम्पमीटर असतो, १९३५ साली एडवर्ड स्टिम्पसन यांनी बनवलेल्या पट्टीवरून आलेला. सपाट जागी त्याच्यावरून तीन चेंडू एका दिशेने, तीन उलट दिशेने सोडा आणि ते किती फूट घरंगळले त्याची सरासरी काढा. रोजच्या क्लब खेळाला आठ-नऊ फूट भरपूर आहे. वेग वाढवण्यासाठी आदल्या दिवशी पातं खाली उतरवू नका. दोन आठवडे आधीपासून नत्र कमी करा, वाळूची पातळ फेर द्या, आणि स्पर्धेच्या दिवशी दोनदा कापून एकदा रोलर फिरवा. रोलरनेच अर्धा-एक फूट मिळतो. ग्रीन ओलं असेल तर तोही नको.

बक्षीस समारंभ झाला की मशीन पुन्हा अर्धा मिलिमीटर वर. बऱ्याच क्लबांत सोमवारी कोर्स बंद असतो. त्या दिवशी बारीक भरीव दातांनी ग्रीनला हवा द्या, पहाटे एकदा भरपूर पाणी सोडा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाभा काढून मूळ मोजा.